यादीत नसलेलं मशीन

कायदा मला शिकवू नका, पावणं. कायद्यानं आमचं घर कसं बुडवलं ते मी सांगतो, ऐका. कायद्यानं तरी कसं म्हणू? माझ्याच शाणपणानं बुडवलं.

आमचं मालक, माझं कुकवाचं धनी, शिंपी. मंगळवार पेठेत एका खोलीत दुकान आन् संसार दोन्ही. एका सिनेमाच्या कंपनीनं चाळीस मावळ्यांचं अंगरखं शिवायला सांगितलं. कापड अंबादासशेटकडनं उधार उचललं. इकडं अंगरखं शिवून झालं, तिकडं कंपनीला कुलूप लागलं. शेट थांबतोय व्हय? त्येनं दावा लावला आन् नऊशे रुपयांचा हुकूमनामा घेतला. नऊशे! सगळी पेठ आमच्याकडनं चोळ्या शिवून घेती तरी न्हाय फिटायचं.

त्र्यंबकराव वकील म्हणाले, "केरबा, शेतकरी असतास तर कर्जनिवारणाच्या कायद्यात बसवला असता. तुझ्याकडे वीतभर जमीन नाही. आता नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज कर, नाहीतर शेट तुला दिवाणी तुरुंगात घालील. जे आहे ते कोर्टाला दाखव, मग उरलेल्या कर्जातून सुटशील. पण यादी खरी पाहिजे."

मालकांचं तोंड उतरलं. "नादार म्हणून नाव लागायचं? लोक काय म्हणतील?"

"तुरुंगात बसून इचारा लोकांस्नी!" मी म्हटलं. माझं तोंड असलंच हाय.

आता आमच्या पेठेची एक रीत सांगतो. कुणाच्या दारात जप्ती यायची म्हटली की शेजारणी हंडा-घागर आपापल्या घरात नेऊन ठेवत्यात. कुणी इचारत न्हाय, कुणी सांगत न्हाय. माझ्या हंड्याला काय किंमत? पर शिलाईचं मशीन म्हंजे आमचं पोट. तेच जाणार ह्या भीतीनं माझा जीव थाऱ्यावर न्हवता. मालक वकिलाकडं गेलते तवा भर दुपारी मशीन वाकळंत गुंडाळलं, एष्टीवर चढवलं आन् गडहिंग्लजला नणंदंकडं, धोंडुबाईकडं पोचतं केलं.

सांजच्याला मालक रिकाम्या जागंकडं बघतच राहिलं. "आगं, मशीन कुटं हाय? यादी करायची हाय."

"वन्संस्नी दिलं. घरात हाय तेवढं लिवा की! न्हाय ते कशाला लिवायचं?"

त्या माणसानं जन्मात पैल्यांदा माझं ऐकलं. जळ्ळं माझं नशीब!

कोर्टात शेटच्या वकिलानं शपथेवर इचारलं, "शिंप्याच्या घरात मशीन नाही? मग चाळीस अंगरखे काय हातानं शिवलेस?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. खोटं त्येंच्या जिभंवर कधी आलंच न्हाय. "गडहिंग्लजला हाय, सायेब."

मुन्सफ सायबानं चष्मा काढला. "कारागिराची हत्यारं कोर्ट घेत नाही. यादीत लिहिलं असतंस तरी मशीन तुझ्याकडेच राहिलं असतं. पण तू लपवलंस. आता कोर्टानं तुझ्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

राहिलं असतं! आमचंच राहिलं असतं! मी वरडलो, "सायेब, त्येंनी न्हाय, मी लपवलं! मला घाला आत!" शिपायानं दंडाला धरून भाईर काढलं. अर्ज फेटाळला. यादीवर सही मालकांची होती, माझी न्हवती. आन् माल लपवतोय म्हणून शेटनं अटकेचा हुकूमबी मिळवला. सा महिनं दिवाणी तुरुंग.

मी तशीच गडहिंग्लज गाठलं आन् मशीन माघारी आणलं. अटकेला कोर्टाचा बेलिफ यायच्या दिवशी सकाळीच दारात आणून ठेवलं. म्हातारा माणूस होता, आकाराम नावाचा. मी त्येच्या पायावर डोकं ठेवलं. "बाबा, हे न्या. हंडा न्या, वाकळा न्या. पर माझा माणूस सोडा!"

त्येनं मला उठवलं. वाटंतलं मशीन दोन्ही हातांनी उचलून आत भिंतीला लावलं.

"हे मला नेता येत न्हाय, बाई. कायद्यानं तुमचं हाय," म्हणाला. मग मालकांकडं वळला. "चल केरबा, पायताण घाल."