दुर्गाबाईंचं संमतीपत्र

दुर्गाबाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि ‘स्वजन्य प्रतिरक्षा-पेशी उपचारपद्धती’ या शब्दांखाली ठसठशीत रेघ ओढली.

“आई, सही कराले देलं आहे ते, तपासाले नाही,” भावना म्हणाली.

“वाचल्याबिगर सही कशी करू?”

अमरावतीच्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मायलेकी बाकावर बसल्या होत्या. दुर्गाबाईंनी नांदगाव खंडेश्वरच्या जिल्हा परिषद शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं होतं. दीड वर्षापूर्वी लघवीतून रक्त गेलं आणि मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. दुर्बिणीतून गाठ खरवडून झाली, आत औषध सोडून झालं, तरी तो परत आलाच. आता दोन वाटा होत्या. मूत्राशय काढून टाकायचं, नाहीतर मुंबईच्या एका प्रयोगशाळेसोबत इथे सुरू होणाऱ्या नव्या चाचणीत नाव द्यायचं. हातातलं अकरा पानी संमतीपत्र त्या चाचणीचं होतं.

तासाभराने त्या चाचणी चालवणाऱ्या डॉ. आरतींसमोर बसल्या तेव्हा पानापानावर लाल खुणा होत्या.

“तुम्ही हे तोंडी कसं सांगता, डॉक्टर?”

“सांगते की तुमच्या रक्तातले सैनिक बाहेर काढतो, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवतो, वाढवतो आणि परत अंगात सोडतो.”

“सैनिक नका म्हणू. सैनिक म्हटलं की जिंकणारच, असं माणूस धरून चालतो.” बाईंनी पान उलटलं. “आणि हे. ‘लाभाची शाश्वती देता येत नाही.’ लोकांना वाटतं, डॉक्टर नम्रपणे बोलून राहिले. सरळ लिहा ना. ‘यानं तुम्ही बरे व्हाल की नाही, हे आम्हालाच अजून माहीत नाही. तेच शोधायला ही चाचणी आहे.’”

“असं लिहिलं तर सही कोण करेल, बाई?”

“मी करते.”

आणि त्यांनी तिथेच, स्वच्छ वळणदार अक्षरात सही केली. जिल्ह्यातून पहिलं नाव त्यांचंच होतं.

आठवड्याने रक्ताचे रिपोर्ट आले. पेशी अंगात सोडण्याआधी जे कडक औषध द्यावं लागतं, ते त्यांच्या किडनीला झेपणार नव्हतं. डॉ. आरतींनी सांगितलं तेव्हा बाईंनी संमतीपत्राची प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसल्या. बडनेरा मागे पडल्यावर म्हणाल्या, “त्या कागदाचं अर्धं काम राहिलं आहे.”

“आता कायले? आपलं नाव तर कटलं.”

“आपलं कटलं. दुसऱ्या कोनाचं लागनच ना.”

पुढचे पंधरा दिवस शेजारचे नत्थुजी रोज सकाळी त्यांच्या ओसरीत येऊन बसत. बाई एकेक परिच्छेद वाचायला देत. नत्थुजी जिथे अडखळत, तिथला शब्द जाई. ‘मूत्राशय’ची ‘लघवीची पिशवी’ झाली. शेवटच्या पानाच्या तळाशी असलेलं वाक्य पहिल्या पानावर आलं: ‘तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे बाकीचे उपचार थांबणार नाहीत.’ अकरा पानांची सहा झाली. डॉ. आरतींनी ती परवानगी देणाऱ्या समितीपुढे ठेवली. समितीने दोनदा शंका काढल्या, मग मंजुरी दिली. तोवर बाईंचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. मूत्राशय काढलं होतं आणि पोटावर बाहेरून लावायच्या पिशवीची सवय चालली होती.

चार महिन्यांनी त्या तपासणीला आल्या, तेव्हा डॉ. आरतींनी त्यांना आत बोलावलं.

“तुमचा कागद आज पहिल्यांदा एक पेशंट वाचतोय.”

वलगावचे पंजाबराव, बायको पार्वताबाईंना शेजारी घेऊन, ओळीखाली बोट धरून वाचत होते. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. बाई तिथे बसल्या तर पंजाबरावांची हरकत नव्हती. बाईंची नजर त्या बोटावर खिळली. प्रत्येक अवघड जागेपाशी त्यांचा श्वास थांबे, आणि बोट न अडखळता पुढे सरके.

शेवटचं पान संपवून पंजाबरावांनी चष्मा काढला.

“पेशी वाढाले दीड महिना लागते, अन् कधी कधी वाढतही नाई. असंच लिवलं हाये ना, मॅडम?”

“हो.”

“अन् तवरोक गाठीनं दम धरला नाई त?”

“तर ऑपरेशनच करावं लागेल. तेव्हा ते अवघड असू शकतं.”

पंजाबरावांनी पार्वताबाईंकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“मंग मी नाई म्हंतो.”

“काही समजलं नसेल तर मी पुन्हा सांगते.”

“समजलं ना. दवाखान्याचा कागद पयल्यांदाच समजला. म्हनूनच नाई म्हंतो.”

बाईंच्या हाताची मूठ क्षणभर आवळली. या जागेसाठी त्या काहीही सोसायला तयार होत्या, आणि हा माणूस ती सरळ परत देत होता. मग मूठ हळूहळू सुटली.

“पहिलाच पेशंट आणि पहिलाच नकार,” डॉ. आरती हलक्या आवाजात म्हणाल्या.

“कागद कामाचा निघाला, डॉक्टर,” बाई म्हणाल्या. शाळा तपासणीच्या दिवशी वर्गासमोर राहायची, तशी त्यांची मान ताठ झाली होती.

पंजाबराव खुर्ची त्यांच्याकडे वळवून बसले. “बाई, तुमचं आपरेशन झालं म्हंते. ते बाहेरची पिशवी लावून वावरात जाता येते काय?”

“येते. मी रोज दोन कोस चालते. पिशवी अर्धी भरली की रिकामी करायची. घामानं कड सुटते, म्हणून एक जादा सोबत ठेवायची.”

“वाकून काम केलं त?”

“करा. फक्त करदोडा तिच्यावर येऊ देऊ नका.”

पंजाबरावांनी सहाही पानं पुन्हा चाळली, मागून पुढे.

“मंग हे कावून नाई लिवलं यात?”

डॉ. आरतींनी बाईंकडे पाहिलं. बाई मोकळं हसल्या.

“सांगा,” त्यांनी खुर्ची पुढे ओढली, “अजून काय राहिलं?”