करडी, निळी आणि मागची सीट

दक्षताने टाचेने साइड स्टँड मागे सारला आणि करडी गाडी दोन्ही पायांवर तोलून धरली. गाडी तिच्या अंदाजापेक्षा जड होती. तिने हँडल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून पाहिलं, क्लच दाबून सोडला आणि आरसे स्वतःच्या उंचीला जुळवून घेतले.

"वहिनी, पुढचा ब्रेक जरा लवकर लागतो हां," सूरज म्हणाला.

गाडी त्याची होती. ठाकुर्लीच्या त्याच्या सोसायटीच्या गेटशी तो कमरेला पट्टा बांधून उभा होता. आदल्या दिवशी गॅसचा सिलिंडर उचलताना त्याची पाठ धरली होती. नाहीतर करडी तोच चालवणार होता आणि दक्षता निळीवर नवऱ्याच्या, प्रणितच्या, मागे बसणार होती. सूरजचं येणं रद्द झाल्यावर प्रणितने दोन्ही गाड्या चालवून बघायला दोन फेऱ्या माराव्या लागणार, असा हिशेब सुरू केला, तेव्हा ती म्हणाली होती की दुसरी मी घेते. तिच्याकडे लायसन्स होतं, त्यामुळे त्याला नाही म्हणायला कारण सापडलं नव्हतं.

प्रणितने निळीवरून मान वळवून जमेल का विचारलं. तिने गाडी चालू केली.

प्रणित डोंबिवली एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत तपासणी विभागात होता. दोन नमुने शेजारी ठेवून फरक पाहणं हे त्याचं रोजचं काम, आणि मोटरसायकल घेतानाही त्याने तेच केलं. महिनाभर व्हिडिओ पाहिले, मालकांना फोन केले आणि शेवटी दोन मॉडेल उरली. निळीचं हँडल खाली, पायदान मागे. चालवणारा टाकीवर ओणवा होतो. वळणावर तिला तोड नाही, असं सगळेच सांगत. करडीचं हँडल उंच, समोर वाऱ्याला काच, सीट लांब आणि मऊ. शोरूमवाले चौकापर्यंतची चक्कर मारू देत, तेवढ्यात काय कळणार? म्हणून त्याने निळी ऑफिसातल्या एकाकडून आणि करडी सूरजकडून रविवारपुरती मागून घेतली होती.

खरं तर त्याचं मन करडीकडे झुकलं होतं, आणि त्याचं कारण दक्षता होती. डिसेंबरात गोकर्णला जायचं ठरत होतं. पण गेलं वर्षभर ती त्याच्या मागे बसून कुठे लांब गेली नव्हती. कमर दुखते म्हणायची. त्याने तिला डॉक्टरकडे नेलं, एक्सरे काढला. त्यात काही निघालं नाही. मग दोष जुन्या गाडीच्या सीटचा, असं त्याने ठरवलं. नव्या गाडीचा विषय तिथूनच निघाला होता.

कल्याण पार करून शहाडच्या पुलावर चढेपर्यंत तो सारखा आरशात बघत होता. करडी मागे होती, दर वेळी तेवढ्याच अंतरावर. रायत्याला नदी ओलांडली, गोवेली गेलं, आणि मग त्याचं लक्ष स्वतःच्या मनगटांकडे गेलं. निळी वळणावर सांगायच्या आधी वळत होती, पण सगळा भार हातांवर येत होता. मुरबाडच्या पुढे रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना भात कापून झालेली शेतं होती. आरशात बघायचं आपण केव्हाच सोडलंय, हे त्याला सरळगावला लक्षात आलं.

तसं दक्षताला मोटरसायकल नवी नव्हती. तिचे वडील धाकू मोठागावच्या खाडीत मासे धरायचे, आणि कॉलेजात असताना वडिलांच्या मोटरसायकलला मागे टब बांधून ती पहाटे मासळी कल्याणच्या बाजारात पोचवायची. लग्नानंतर ठाण्यातल्या लॅबमध्ये नोकरी लागली, स्टेशनपर्यंत जायला स्कूटर आली. मोटरसायकल प्रणितची झाली आणि ती मागे बसू लागली. हे कुणी ठरवलं नव्हतं.

टोकावड्याला शकूबाईंच्या टपरीवर दोघं थांबली. प्रणितने हातमोजे काढून बोटं उघडली-मिटली आणि एकेक प्रश्न विचारत गेला. वारा छातीवर येतो का, गिअर अडतो का, खड्ड्यात पाठीला दणका बसतो का. ती चहात बिस्किट बुडवत उत्तरं देत होती. गाडी चांगली होती. जड होती, पण एकदा चालायला लागली की वजन कळत नव्हतं.

"आता मुख्य गोष्ट," तो म्हणाला. "मागची सीट. निळी राहू दे इथेच. करडीवर घाटापर्यंत जाऊन येऊ, बस मागे."

दक्षताने बिस्किट संपवलं.

"तूच बस ना मागे," ती म्हणाली. "तू कधी बसलायस?"

तो हसला, आणि मग आठवायला लागला. शाळेत असताना काकांच्या मागे. त्यानंतर काही आठवेना. शकूबाईंना निळीकडे लक्ष ठेवायला सांगून तो करडीच्या मागच्या सीटवर चढला.

पहिली अडचण हातांची झाली. तिच्या खांद्यावर ठेवावेत तर तिला हँडल जड जाईल, कमरेला धरावं तर रस्त्यावरचे लोक बघतील. शेवटी त्याने मागचा दांडा धरला. सीट मऊ होती, गुडघ्यांना जागा होती, त्याने ठरवलं होतं तसंच सगळं होतं. फक्त समोर काहीच दिसत नव्हतं. समोर तिचं हेल्मेट होतं. गाडी हळू होणार हे गाडी हळू झाल्यावरच कळायचं. खड्डा आला हे तो गेल्यावर. एका ट्रकला मागे टाकताना त्याच्या उजव्या हाताची बोटं दांड्यावरच आवळली गेली, तिथे ब्रेक असल्यासारखी.

वैशाखरे मागे पडलं आणि चढ सुरू झाला. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर तिने गाडी डावीकडे कलती केली. त्याच क्षणी तिच्या हेल्मेटच्या कडेने एसटीचं लाल तोंड पुढ्यात आलं. प्रणितचं अंग आपोआप उजवीकडे ताठ झालं. गाडी वळायची थांबली, रस्त्याच्या मधल्या पट्ट्याकडे सरकली. दक्षताने हँडलला नेटाने रेटा देऊन ती परत आत आणली. एसटी हॉर्न वाजवत निघून गेली. थोडं पुढे, जिथे गाड्या उभ्या राहायला जागा होती, तिथे तिने गाडी कडेला घेतली.

तो उतरला.

"तू उलटा गेलास," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"एसटी दिसलीच नाही मला. एकदम आली."

"मागून दिसत नाही."

प्रणितने हेल्मेट काढून कठड्यावर ठेवलं. मागच्या हिवाळ्यात वरंध घाटात त्यांची गाडी घसरली होती. दक्षताचं कोपर आणि गुडघा सोलवटला होता. वळणावर हिने उलटं अंग टाकलं म्हणून पडलो, असं त्याने मित्रांना सांगितलं होतं, अंग कसं टाकलं ते खुर्चीवर बसून करूनही दाखवलं होतं. सगळे हसले होते. तीही हसली होती. त्या वळणावर समोरून काय आलं होतं, ते त्याने गाडी घसरायच्या बरंच आधी पाहिलं होतं. तिला ते दिसलं असेल का, हा प्रश्न त्याला वर्षभरात एकदाही पडला नव्हता.

खाली दरीत ऊन पोचत होतं. एका गाडीतून उतरलेलं कुटुंब फोटो काढत होतं.

"कमर कशी आहे?" त्याने विचारलं.

"कमर कधीच दुखत नव्हती."

"मग डॉक्टरकडे कशाला आलीस?"

"तू अपॉइंटमेंट घेतली होतीस."

मला सांगायचंस ना, असं म्हणावं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि मग हेल्मेटचा पट्टा हातात घेऊन तो सरळ करत बसला. ती कठड्याला टेकून उभी होती. हेल्मेटच्या काचेवर चिकटलेला किडा तिने रुमालाने पुसून काढला.

"मी हळू चालवीन यापुढे," तो म्हणाला.

तिने मान हलवली, पण ती होकाराची होती की नुसतीच, हे कळलं नाही. मग तिने काच खाली केली आणि गाडीवर बसली. तो पुन्हा मागे बसला. घाट उतरताना त्याने एक हात दांड्यावरून काढला आणि तिच्या कमरेला धरलं. वळणं आली की तो डोळे तिच्या खांद्यावर ठेवायचा. खांदा जिकडे जाईल तिकडे आपणही जायचं, एवढंच करायचा. ते वाटलं होतं त्यापेक्षा अवघड होतं.

टपरीवर पोचल्यावर तिने करडीची किल्ली त्याच्या हातात दिली आणि निळीची मागितली. परत जाताना ती चालवून बघायची होती तिला. मनगटं दुखतील, असं त्याने सांगितलं. दुखू देत, ती म्हणाली.

"घ्यायची कुठली, ते सांग आता," तो म्हणाला. "लांब जायला करडीच बरी ना?"

"करडी बरी आहे."

"आणि डिसेंबरात? येशील?"

"बघू," ती म्हणाली आणि हातमोजे चढवायला लागली. शकूबाईंचे चहाचे पैसे तिने दिले.

ती पुढे निघाली, तो मागे. आता आपल्याला हळू जावं लागेल, अशा तयारीनेच त्याने करडी रस्त्यावर घेतली होती. पण निळी पुढे जातच राहिली. टोकावड्याबाहेरच्या लांब वळणात तिने गाडी सहज आडवी केली, पुन्हा उभी केली, आणि मधलं अंतर वाढायला लागलं. ते राखायला त्याला गिअर बदलावा लागला. त्याने वेगाच्या काट्याकडे पाहिलं. सकाळी येताना तो स्वतः ज्या वेगाने आला होता, त्याच्या बराच पुढे काटा होता. प्रणितने पुन्हा एकदा बघून खात्री करून घेतली.

तिच्या पाठीकडे बघत तो चालवत राहिला. रस्ता सरळ झाला होता, समोर कुणी नव्हतं. सरळगाव जवळ आलं तेव्हा तिने डावा हात हँडलवरून काढला, खाली सोडला आणि बोटाने रस्त्याची डावी बाजू दाखवली. क्षणभर तो हात तसाच ठेवला.

ग्रुपने जाताना तोही मागच्या गाड्यांना असाच हात दाखवायचा. स्वतःच्या पाठीशी बसलेल्या माणसाला काही दाखवायचं असतं, हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

त्याने गाडी उजवीकडे घेतली. खड्डा चांगला हातभर खोल होता.