इंडियमचा ओरखडा

तीन वर्षं मी एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागले होते. जर्मेनियमच्या चकतीत गॅलियम इतकं ठासून भरायचं, की कडाक्याच्या थंडीत तिच्यातून वीज विनारोध वाहावी. मग क्वांटम संगणकाचे भाग त्याच चकतीवर बांधता येतील. बोलायला काय जातंय! शंभरावर चकत्या वाया गेल्या. शुक्रवारी समिती येणार होती. रोध शून्यावर आला नाही, तर प्रकल्प बंद आणि माझी नोकरीही.

मंगळवारी आला! तीन पूर्णांक चार केल्विनला रोध धाडकन शून्यावर. आमचे प्रयोगशाळाप्रमुख सर नाचायचेच बाकी होते, समितीला आलेख पाठवूनही मोकळे झाले. आईला फोन केला तर म्हणाली, "अगं बाई, म्हणजे आता तरी जेवायला वेळेवर येशील ना?"

पण तो आकडा डोक्यातून जाईना. तारा जोडायचं यंत्र बिघडलेलं, म्हणून मीच घाईघाईत इंडियम या मऊ धातूचे ठिपके दाबून तारा चिकटवल्या होत्या. आणि ते मेलं इंडियमही नेमकं तीन पूर्णांक चारलाच रोध टाकून देतं. बुधवारी चकती बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. दोन ठिपक्यांच्या मधे इंडियमचाच केसाएवढा चकचकीत ओरखडा, माझ्याच चिमट्याने ओढला गेलेला. वीज त्याच्यावरूनच आरामात पलीकडे गेली होती. अस्सा संताप आला! पण काढणार कोणावर? हात माझेच.

सरांना बोलावलं. ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

"चकतीचाही आकडा याच्या आसपासच यायचा होता ना? शुक्रवार जाऊ दे, मग बघू."

"सर, हे शून्य आपलं नाही."

"नोकरी तुझी जाणार आहे, माझी नाही," ते वैतागून म्हणाले.

मी सुई घेतली आणि त्यांच्यादेखत ओरखडा खरवडून काढला. गुरुवारी चकती पुन्हा थंड केली. आलेखावरची रोधाची रेघ उतरत उतरत अर्ध्यावर आली आणि तिथेच फतकल मारून बसली. आणखी थंड केलं, तरी हलेना. मी तिथेच रडले.

शुक्रवारी दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले. समितीतल्या बाईंनी विचारलं, "ओरखडा कोणाला सापडला?"

"मला."

"आणि पाडला कोणी?"

"मीच."

त्यांनी कागद मिटले. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. "काय गं, काय म्हणाली तुझी समिती?"

"आई, पानं वाढून ठेव," मी म्हटलं. "आजपासून वेळेवर येतेय."