रॉकेट सोडणारी घोडी

मी एक जुनी लोखंडी घोडी आहे, मित्रांनो. मला टापा नाहीत, शेपूट नाही. तीन पाय, मध्ये एक पत्रा आणि त्यातून उभी राहिलेली कमरेएवढी सळई, एवढाच माझा संसार. माझ्यावरून रॉकेट उडतं. चंद्रावर जाणारं नव्हे. हौसेनं बनवलेलं, कापडाच्या ठाणातल्या पुठ्ठ्याच्या नळीचं.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आपल्या लेथच्या कारखान्यात कृष्णात टर्नरनं मला घडवलं, ते आपल्या लेकीसाठी. लेक संयोगिता हायस्कुलात विज्ञान शिकवायची. सळईला केसभरही वाक नको, असं तिनं बापाला बजावलं होतं. कृष्णातनं मला तिच्यापुढं उभं केलं आणि म्हणाला, "घे. हिच्यात वाक सापडला तर मिशी उतरवतो की!"

सुट्टीच्या दिवशी आम्ही बिद्री गावाच्या अलीकडच्या माळावर जायचो. संयोगिता आधी रॉकेट दोऱ्याला टांगून त्याचा तोल बघायची. ते नाकाकडं जड हवं, नाहीतर भरकटतं. मग त्याच्या अंगावरची बारीक नळी माझ्या सळईत ओवायची, लांब वायर ओढत मागं जायची आणि मोठ्यानं आकडे उलटे मोजायची. 'एक' म्हणून बटण दाबताच माझा पत्रा तापायचा, सगळं अंग थरथरायचं आणि रॉकेट गेलेलं असायचं! मित्रांनो, ते मी कितीदा पाहिलं, पण एकदाही सवयीचं झालं नाही. पुठ्ठ्याची नळी घारीच्याही वर जाते, ठिपका होते आणि त्या ठिपक्यातून लाल छत्री उमलते. खाली सगळ्यांची तोंडं उघडी. मीही तशीच बघत राहायची.

मग तो दिवस आला. संयोगितानं महिनाभर खपून सगळ्यात मोठं रॉकेट केलं होतं. तोल बघून झाला, ते माझ्यावर चढलं आणि ती वायर जोडायला वळली. कृष्णात नव्या यंत्राला लिंबू-मिरची बांधल्याशिवाय बटणाला हात न लावणारा माणूस. लेकीच्या रॉकेटला दृष्ट लागू नये म्हणून त्यानं शेपटीच्या पंखाआड एक लिंबू आणि सात मिरच्या बांधल्या. मी सगळं पाहिलं, पण मला कुठलं तोंड!

रॉकेट माझ्यावरून सुटलं, वर गेलं आणि शेपूट जड झाल्यामुळं आडवं वळलं. ते जळत जळत थेट माळाची मालकीण तानाबाई, तिच्या पिंजराच्या गंजीत घुसलं. भाताचं सुकं पिंजर ते, भडकायला वेळ लागला नाही. लोकांनी बादल्यांनी आग विझवली, तरी अर्धी गंजी गेली. तानाबाई कडाडली, "माझ्या म्हशींनी तुमचं काय वाकडं केलतं? पुन्हा ह्या माळावर पाय ठेवायचा न्हाय!" कृष्णातनं दुसऱ्याच दिवशी टेम्पोभर पिंजर पोचवलं. रॉकेटसोबत जळून गेलेल्या लिंबाबद्दल मात्र तो अवाक्षर बोलला नाही.

संयोगिता वहीतली गणितं पुन्हा पुन्हा तपासत राहिली. चूक सापडेना. शेवटी तिनं वही मिटली आणि म्हणाली, "आबा, माझ्या हातनं व्हायचं न्हाय हे." मला कारखान्याच्या कोपऱ्यात टाकलं. दोन वर्षं माझ्यावर लोखंडाचा कीस साचला आणि सळईवर गंज चढला. पण गंजापेक्षा मला तिचं ते वाक्य जास्त लागलं.

एका सकाळी ती मला भंगारात द्यायला निघाली. कृष्णातनं माझा एक पाय धरला.

"पोरी, तुझं गणित चुकलं न्हवतं. लिंबू मी बांधलतं."

संयोगितानं माझा दुसरा पाय सोडला. मग म्हणाली, "दोन वर्षं, आबा? दोन वर्षं मी सवताला मूर्ख समजत हुतो!" आणि ती रडली.

त्याच दिवशी कृष्णात तानाबाईकडं गेला आणि खरं काय ते सांगून आला. तानाबाईनं त्याला शब्दांनी उभं-आडवं झोडपलं, पण शेवटी म्हणाली, "पोरीचा दोष न्हाय न्हवं? मग येऊ दे तिला. गंजीपासनं लांब!"

कृष्णातनं माझा गंज घासून काढला, तेल लावलं. गंज्या उचलून माळ मोकळा झाल्यावर आम्ही नवं रॉकेट घेऊन पुन्हा गेलो. या वेळी तो दोन्ही हात पाठीमागं बांधून लांब उभा होता. संयोगितानं आकडे उलटे मोजले. रॉकेट सुटलं. सरळ, सरळ, अजून वर! तानाबाईच्या डोक्यावरचा पदर घसरला तरी तिला कळलं नाही. "आई गं... कुठवर गेलं हे!" एवढंच ती म्हणाली. संयोगिता मात्र वर बघतच नव्हती. ती वही छातीशी धरून बापाकडं बघत होती.

मित्रांनो, आम्हा अवजारांना वापरून झाल्यावर पुसा, तेलाचा हात फिरवा. आम्ही गंजलो तरी घासून उजळतो. पण तुमची चूक दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर बसलेली दिसली, तर ती त्याच दिवशी सांगून टाका. ते माणूस ती चूक आपलीच समजून जगत असतं.