निळी बादली

सकाळचे सात वाजायला पाच मिनिटं होती आणि लाँड्रीच्या दारातल्या हजेरीच्या यंत्राने अक्काचा अंगठा चौथ्यांदा नाकारला होता.

"पुन्हा प्रयत्न करा," यंत्र गोड आवाजात म्हणालं.

या यंत्राला सगळ्या बायका 'सासूबाई' म्हणत. कितीही करा, हिचं समाधान म्हणून व्हायचं नाही! एरवी या थट्टेला सगळ्यांत आधी अक्का हसायची. आज ती हसली नाही. तिने अंगठा पुसला, त्यावर फुंकर घातली आणि पुन्हा काचेवर टेकवला. मागे रांग खोळंबली होती. सात वाजत आलेले असताना कुठलीही रांग पुढे ढकलाढकली करते. ही रांग मात्र दोन पावलं मागे सरकली.

काचेच्या खोलीतून मुकादमबाई हे पाहत होत्या. मोठ्या रुग्णालयाची ही लाँड्री गेली अकरा वर्षं त्यांच्या ताब्यात होती. बाई शिस्तीच्या कडक. चादरीवर डाग तर सोडाच, घडीची कड अर्धं बोट इकडेतिकडे झाली तरी ती चादर परत यायची. वरच्या कचेरीचा नवा नियम आला होता: सलग सात दिवस ज्याचा अंगठा यंत्रात उमटणार नाही, त्याचं नाव यादीतून कमी. आज अक्काचा पाचवा दिवस होता. आणि कचेरीने सातव्या दिवसाची वाट पाहायची वेळच येऊ नये, अशी तयारी बाईंच्या टेबलाच्या खणात होती. तिथे त्यांनी स्वतः लिहिलेलं एक पत्र होतं. 'सदर कामगार स्त्रीच्या हातांना संसर्गजन्य रोग झाल्याने तिला रुग्णांच्या कपड्यांपासून दूर करावे.' नोकरीच्या बाविसाव्या वर्षी कामावरून काढायला एवढी एक ओळ पुरते!

अक्काचे हात बघवत नव्हते, हे मात्र खरं. तळव्यांवर भेगा, बोटांवर पापुद्रे, अंगठा तर घासून गुळगुळीत झाल्यासारखा. घड्या घालणाऱ्या बायकांत एक होती, तिला सगळे 'रेडिओ' म्हणत. तिनेच पहिली तक्रार केली होती. "बाई, तिची कातडी चादरीवर पडते हो. उद्या आपल्याला लागलं म्हणजे?" मग जेवणाच्या वेळी अक्काचा पेला बाजूला ठेवला जाऊ लागला. कोणी तसं ठरवलं नव्हतं. बाकीचे पेले हळूच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले, एवढंच. अक्का बॉयलरशेजारच्या बाकावर एकटी जेवू लागली.

त्या दुपारी मुकादमबाई तिथे गेल्या. "उद्या त्वचारोग विभागात जायचंय. मी येते बरोबर. डॉक्टरांचा कागद पाहिजे."

अक्काला वाटलं, बाईंना आपली दया आली. तिचा चेहरा उजळला. "बरं झालं बाई! घरीसुद्धा मी नातीची वेणी घालणं सोडलंय. तिचे केस माझ्या भेगांत अडकतात. पोर ओरडत नाही हो, नुसते डोळे मिटून घेते."

कागद कशासाठी हवा आहे, हे काही बाईंनी सांगितलं नाही. पत्राला जोडायला हवा होता तो.

त्वचारोग विभागातल्या डॉक्टरीणबाई निवृत्तीला टेकलेल्या होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आणि काही विचारायच्या आधीच अक्काचे दोन्ही हात आपल्या उघड्या हातांत घेतले. मुकादमबाई खुर्चीतून उठल्याच.

"डॉक्टर, अहो, हातमोजे तरी..."

"कशाला?" डॉक्टरीणबाईंनी वरही पाहिलं नाही. त्या एकेक बोट उलटसुलट करून बघत होत्या. "हा इसब आहे. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हिच्या ताटात जेवलात तरी तुम्हाला होणार नाही. काय काम करता अक्का?"

"ओल्या बाजूची गाडी कोरड्या बाजूला नेते. दिवसभर तेच."

"पाण्यात हात?"

"निळ्या बादलीत. दर खेपेला. दिवसाला चाळीस खेपा तरी होतात."

डॉक्टरीणबाईंनी मुकादमबाईंकडे पाहिलं. बाईंची मान अभिमानाने ताठ झाली. निळी बादली ही त्यांचीच कल्पना होती. साथीच्या दिवसांत त्यांनी ती सुरू केली होती. धुण्याच्या आणि घडीच्या खोलीमधल्या दारात ब्लीचच्या पाण्याची बादली ठेवायची, आणि मनगटापर्यंत हात बुडवल्याशिवाय कोणीही पलीकडे जायचं नाही. साथ गेली, बादली राहिली. तपासणीला आलेल्या साहेबांनी तिचं कौतुक केलं होतं.

"आणि हातमोजे?"

"आहेत की. कपाटात, कुलपात. मोजे घातले की घडी ढिली पडते."

"बादलीत ब्लीच किती घालता?"

"अंदाजाने. वास आला पाहिजे म्हणजे झालं."

"आणि चादरींच्या यंत्रात?"

इथे मुकादमबाईंचा हात कोणी धरू शकत नव्हता. "तिथे अंदाज नाही चालत डॉक्टर! भिंतीवर तक्ता लावलाय. पांढऱ्या चादरीला मापाचा एक पेला, रंगीत कापडाला बिलकूल नाही. आणि मग तीनदा खळबळून काढायचं. थोडं जरी जास्त झालं ना, तर सूत विरतं. चार महिन्यांत चादर फाटते."

बोलता बोलता त्या थांबल्या. डॉक्टरीणबाईंनी अक्काचे हात टेबलावर, बाईंच्या समोर ठेवले.

"चादर फाटली तर भांडारातून दुसरी येते," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे कुठून आणणार आहात? मुकादमबाई, कातडी म्हणजे वरचं वेष्टन नाही हो. शरीराचा सगळ्यांत मोठा अवयव आहे तो. भिंत म्हणा ना. वरच्या पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या, मध्ये चरबीचं लिंपण. त्या लिंपणामुळे आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरची घाण बाहेर. तुम्ही दिवसातून चाळीस वेळा ते लिंपण धुऊन काढता. मग विटा सुटणार नाहीत तर काय होईल? लाँड्रीतल्या बायकांना सांगा, हे पापुद्रे म्हणजे लागणारा रोग नाही. ही पडलेली भिंत आहे. आणि ती पाडली..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्याऐवजी विचारलं, "तुमचा आवाज का बसलाय? डोळेही लाल दिसतात."

"या बायकांवर ओरडून ओरडून."

"ओरडून नाही. नाकात, घशात, पापण्यांच्या आत तर ही भिंतही नाही. तिथे नुसतं ओलं, पातळ अस्तर असतं. श्लेष्मल त्वचा म्हणतात तिला. ब्लीचची वाफ त्या अस्तराला चावते. तुमची बसायची जागा बादलीच्या शेजारीच असणार."

होती. अगदी शेजारी होती.

"माझ्या अंगठ्याच्या रेषा गेल्या का हो कायमच्या?" अक्काने भीत भीत विचारलं.

"छे! रेषांचा साचा खोल असतो. खालून नवी कातडी वर यायला महिना-सव्वा महिना लागतो. हात कोरडे ठेवा, हे मलम लावा, सुती अस्तराचे मोजे घाला. येतील परत." मग त्यांनी मुकादमबाईंना विचारलं, "तुम्ही स्वतः दिवसातून किती वेळा हात बुडवता त्या बादलीत?"

"मी? मला पलीकडे जावं लागत नाही," बाई म्हणाल्या. आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

परत आल्यावर त्यांनी अक्काला खुर्चीत बसवलं आणि गाडीचा दांडा स्वतः धरला. सगळ्या बायका बघतच राहिल्या. बाईंनी गाडी ढकलली, दारात थांबल्या, मनगटापर्यंत हात बुडवले, पलीकडे गेल्या, परत आल्या, पुन्हा बुडवले. अकराव्या खेपेला बोटांच्या पेरांत चुरचुरायला लागलं. विसाव्या खेपेला मूठ मिटवेना. संध्याकाळी घरी लिंबू चिरताना रस बोटाला लागला आणि बाई कळवळून ओरडल्या. नवरा धावत आला. "काय झालं?" बाईंनी हात नळाखाली धरला. एका दुपारचं हे! तिकडे एक बाई तीन वर्षं तोंडातून अवाक्षर न काढता हात बुडवत होती, आणि आपण खणात तिच्याविरुद्ध पत्र लिहून ठेवलं! त्या रात्री जेवताना त्यांना घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सातव्या दिवशी, सासूबाईंनी पुन्हा तोंड फिरवलं. "पुन्हा प्रयत्न करा." मुकादमबाई बाहेर आल्या. त्यांनी निळी बादली उचलली आणि सगळ्यांच्या देखत मोरीत उपडी केली. मग खणातलं ते पत्र काढून मोठ्याने वाचलं. वाचताना त्यांचा आधीच बसलेला आवाज आणखी बसला.

"हे मी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "ही खोटी गोष्ट मी वर पाठवणार होते. अक्काला कसलाही लागणारा रोग नाही. तिच्या हातांची ही दशा माझ्या बादलीने केली. चूक माझी आहे!"

पत्राचे चार तुकडे झाले.

अक्काने विचारलं, "म्हणजे तो कागद त्यासाठी होता?"

"हो."

"मला वाटलं, माझ्यासाठी." बाईंना कोणी तोंडावर शिव्या घातल्या असत्या, तरी एवढं लागलं नसतं.

पण गाडी अशी एका वाक्यात रुळावर येत नाही. बाई कचेरीत गेल्या. तिथला साहेब म्हणाला, नियम म्हणजे नियम. बाई म्हणाल्या, "मग माझंही नाव कमी करा. हात बिघडवणारी मी, आणि घरी पाठवायचं तिला?" अकरा वर्षांत या बाईंनी साहेबांपुढे कधी आवाज चढवला नव्हता, आणि आज तर चढवायला आवाजच नव्हता. डॉक्टरीणबाईंचा कागद त्यांनी पुढे सरकवला. हात बरे होईपर्यंत अक्काची हजेरी मुकादमांनी सहीने घ्यावी, असं शेवटी ठरलं. कपाटाचं कुलूप निघालं, मोजे सगळ्यांच्या हातांत आले. पहिले दोन दिवस घड्या खरंच ढिल्या पडल्या. तिसऱ्या दिवशी हात सरावले.

आणि पेला? जेवणाच्या वेळी मुकादमबाई बॉयलरशेजारच्या बाकावर अक्काजवळ जाऊन बसल्या आणि तिच्या पेल्यातलं पाणी प्यायल्या. थोड्या वेळाने रेडिओ आपला डबा घेऊन आली. "सरका थोडं," म्हणाली. ती पहिल्यांदाच इतकं कमी बोलली.

सात आठवड्यांनी एका सकाळी अक्काने सवयीने अंगठा टेकवला आणि सवयीने मुकादमबाईंच्या वहीकडे वळली. मागून यंत्र म्हणालं, "धन्यवाद."

"अगं बाई! सासूबाई प्रसन्न झाल्या!" रेडिओ किंचाळली, आणि पुढची पाच मिनिटं कामाला कोणी हातच लावला नाही. बाईंनीही कोणाला हटकलं नाही.

अक्का मात्र आपल्या अंगठ्याकडे बघत उभी होती. "बाई, मला कालच कळलं होतं," ती म्हणाली. "काल मी नातीची वेणी घातली. एकही केस अडकला नाही. तिने डोळे उघडेच ठेवले होते."

मित्रहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात, कचेरीत, कारखान्यात एखादी निळी बादली असते. ती आपणच ठेवलेली असते, चांगल्या हेतूने, आणि तिच्यात हात मात्र दुसऱ्यांचे बुडत असतात. कोणाची कातडी फाटलेली दिसली तर दोन पावलं मागे सरकू नका. पुढे व्हा, तो हात हातात घ्या आणि विचारा, हे कशाने झालं? उत्तरात कदाचित आपलंच नाव निघेल. निघालं तर बादली उपडी करायला उशीर लावू नका!