साधं जेवण, आत वळा

मी एक पाटी बोलतेय. शहराच्या जुन्या भागात, दगडी कमानीशेजारी एक अरुंद गल्ली फुटते. तिच्या तोंडाशी मी उभी असते. माझ्यावर एवढंच लिहिलंय: ‘साधं जेवण. आत वळा.’ खाली एक लाल बाण.

जन्माने मी पाटी नव्हे, जेवणाच्या टेबलाची फळी. टेबलाचा पाय मोडला तेव्हा मावशींनी मला जळणात जाऊ दिलं नाही. खानावळ त्यांचीच. गल्लीत इतकी आत, की वासावरून शोधावी लागे, आणि वारा उलटा असला की तीही सोय नाही.

"भावजी, हिच्यावर एक बाण काढा ना," मावशी म्हणाल्या. भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. वाढपी तेच, रंगारी तेच, सुतारही तेच. कमान जुनी, तिला भोक पाडायला बंदी, म्हणून त्यांनी मला समोरच्या गोल लोखंडी खांबाला तारेने बांधलं. एकच वेढा दिला.

"एवढ्यानं भागेल?" मावशींनी विचारलं.

"वहिनी, पाटी बांधतोय, म्हैस नाही."

त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. वाऱ्याची झुळूक आली तरी वाटायचं, सरकले की काय!

या भागात लोक जुन्या इमारती बघायला येतात. सकाळभर त्यांच्या माना वर असतात. दुपार झाली की माना खाली येतात आणि चेहरे उतरतात. मग ते रंगीत छत्र्यांखालच्या हॉटेलापाशी थांबतात, दरपत्रक उचलतात, आणि चटका बसल्यासारखं हळूच परत ठेवतात. "तशी अजून भूक नाहीये," असं एकमेकांना सांगतात. मला ते खोटं ओळखू येतं. त्यांची नजर माझ्यावर पडली की मला हायसं वाटतं.

एके दिवशी दुपारच्या तोंडाशी काचा पुसणारा माणूस खांद्यावर शिडी घेऊन वळला. शिडीचं मागचं टोक मला लागलं आणि मी खांबाभोवती फिरले. तो आपल्याच नादात निघून गेला. माझा बाण आता गल्लीकडे नव्हता. तो वरच्या चढणीकडे होता. तिथे बंद संग्रहालय आणि उन्हात तापलेल्या पायऱ्या, बाकी काही नाही.

मी वाट बघत राहिले, कुणीतरी वर बघेल म्हणून. कोर्टातले कारकून आले, वाद घालत माझ्याखालून गल्लीत शिरले. रोजची माणसं. त्यांना पाटीची काय गरज?

मग एक बाई आली, चाळिशीची, म्हाताऱ्या वडिलांचा दंड धरून. पेन्शनच्या कामाला कचेरीत आलेले असावेत. वडिलांच्या हातातली पिशवी कागदांनी फुगली होती.

"बाबा, त्या छत्र्यांखालच्या हॉटेलातच बसायला हवं होतं. सकाळी इंजेक्शन घेतलंत. पोटात काही गेलं नाही तर साखर उतरेल."

"पाणीसुद्धा विकत देतात ते! तिथे घास गिळला नसता माझ्याच्याने."

"बिस्किटं तर रांगेतच संपली."

"अगं, हे बघ!" वडिलांनी माझ्याकडे बोट केलं. "साधं जेवण. मी म्हणत नव्हतो? चल."

आणि ते दोघं चढणीला लागले. मी अख्खी थरारले, पण मला तोंड कुठे? वडिलांची पावलं आखूड होत गेली. ते वळणाआड गेले, आणि मी ती रिकामी चढण बघत राहिले.

ते परत आले तेव्हा वडिलांचा चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर घाम, हाताला कंप. मुलीने त्यांना माझ्या खांबाशी टेकवून पायरीवर बसवलं.

"बाबा, माझ्याकडे बघा. बाबा!" ते भलतंच काहीतरी पुटपुटले. तिने वर बघितलं आणि ओरडली, "खोटारडी पाटी मेली!"

तो शब्द मला कुऱ्हाडीसारखा लागला.

तिला सोडून जाता येईना, थांबताही येईना. "कुणी आहे का? साखर द्या कुणीतरी!" तिने हाका मारल्या. तेवढ्यात गल्लीतून मावशी आल्या, हातात पळी तशीच. आज एकही नवा चेहरा कसा नाही, म्हणून त्या बघायला निघाल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. "भावजी, साखरपाणी! पळा!" एवढंच ओरडल्या आणि पदराने म्हाताऱ्यांचा घाम पुसू लागल्या.

भावजी पेला घेऊन धावत आले. घोट घोट करत पाणी पोटात गेलं. कितीतरी वेळाने म्हाताऱ्यांनी डोळे नीट उघडले. मावशींनी तिथेच रस्त्यात स्टूल मांडून गरम भात-भाजी आणली. ते जेवू लागले. मुलगी भिंतीकडे तोंड करून रडत होती.

"तुमच्या पाटीनं आम्हाला वर पाठवलं," ती म्हणाली.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला. "काढून टाका ती, भावजी. नकोच."

संपलं, असं मला वाटलं. तेव्हा म्हातारे घास थांबवून म्हणाले, "पाटीवर का राग? त्या हॉटेलात बसायला नको म्हणालो तो मी. हिला सरळ करा. माझ्यासारखे आणखी येतील."

भावजींनी मला दोन लोखंडी पट्ट्यांनी जखडलं. नट आवळताना माझी कड चिरली. मी तक्रार केली नाही.

आता माझा रंग उडालाय, पण बाण गल्लीकडेच आहे. परवा ती बाई पुन्हा आली. एकटीच. माझ्याखाली थांबली, टाचा उंचावून मला दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितलं. मी हलले नाही. मग ती आत जेवायला गेली.

तेव्हापासून मला चैन नाही. वडील घरी असतील. ऊन सोसत नसेल, म्हणून आणलं नसेल. तुम्ही कधी इथे जेवायला आलात आणि ती शेजारच्या बाकावर दिसली, तर तेवढं विचारा तिला, बाबा कसे आहेत? आणि बाहेर पडताना तिचं उत्तर माझ्याखाली उभं राहून जरा मोठ्यानं सांगा. आतलं बोलणं मला इथवर ऐकू येत नाही.