मधपेटीचे निरोप

मित्रांनो, विदोसावाबाईंच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर, विणलेल्या रुमालावर, तडा गेलेल्या काचेचा एक जुना मोबाइल फोन असतो, तो मी. पूर्वी चार्जरची वायर काढली की मी अर्ध्या दिवसात मान टाकत असे. तरीही मला अजून कुणी भंगारात दिलेले नाही. ज्यांना बोटे नाहीत आणि अक्षरे येत नाहीत, अशांचे निरोप माझ्याकडे आले आहेत. ते आठवले की आजही मी थक्क होतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले फारसे काही आठवत नाही. कळू लागले तेव्हा मी नोवी साद शहरात नेडाच्या खिशात होतो. नेडा ही विदोसावाबाईंची मुलगी. ॲप बनवणे हे तिचे काम. दिवसभर माझ्याकडे निरोप येत. वीजबिल भरा, बुटांवर सवलत, कुठे आहेस, पोचलीस का. ते येत आणि जात. मला त्यांचे काहीच वाटत नसे.

एकदा बसच्या पायरीवर मी तिच्या हातातून निसटलो आणि काचेला तडा गेला. नेडाने नवा फोन घेतला आणि मला सावा नदीकाठच्या आपल्या गावी आईकडे आणले.

विदोसावाबाई मधमाश्या पाळतात. नवरा गेला तेव्हा सगळे म्हणाले, पेट्या विकून टाका. बाईंनी आणखी पेट्या केल्या. फुलोरा जिथे असेल तिथे त्या पेट्या ट्रेलरवर घालून नेतात, आणि पेटीत मध भरतो आहे की माश्या उपाशी आहेत, हे बघायला त्यांना पुन्हा पुन्हा तेवढे लांब जावे लागे. म्हणून नेडाने एका पेटीखाली वजनकाटा बसवला. शेजारी खांबावर सिम कार्ड घातलेली एक डबी लावली. सांजावले, माश्या घरी परतल्या, की डबीने पेटीचे वजन मला कळवायचे, आणि मध्येच वजन घटू लागले तर लगेच कळवायचे.

"आता माश्या मला मेसेज करणार?" बाई म्हणाल्या. "त्यांना लिहायला कुणी शिकवलं?"

"तू आधी बघ तर, आई."

बाईंचे दीर तिहोमिर शेजारीच राहतात. ते रोज कॉफीला येतात आणि कॉफीबरोबर एक टोमणा ठेवून जातात. "नेडा, असलं एक माझ्या डुकरांनाही बसव," ते म्हणाले. "नाताळ जवळ आला की तीही कळवतील, काका, यंदा जरा दमानं घ्या."

नेडाने माझ्यात एक छोटे ॲप घातले. मित्रांनो, त्याची रीत मला फार आवडली. निरोप आला की मी आत हाळी देतो. ते ॲप तेवढ्यासाठीच कान लावून बसलेले असते. ते आधी नंबर बघते. नंबर डबीचा नसेल तर त्या निरोपाला हातही लावत नाही, कारण बाईंच्या मैत्रिणीने काय लिहिले ते बघणे त्याचे काम नव्हे. नंबर डबीचा असेल तर मात्र ते निरोप उलगडते, त्यातले वजन वेचून घेते आणि पडद्यावरच्या रेघेला एक ठिपका जोडते. वजन एकाएकी घटले तर मोठ्याने घंटा वाजवायची, असेही नेडाने त्याला सांगून ठेवले होते. घंटा तिने गाईच्या गळ्यातली निवडली.

वसंतात बाग्रेमची झाडे फुलून पांढरी झाली आणि पेट्या टेकडीवर गेल्या. पहिल्या संध्याकाळी रेघ जराशी वर गेली. दुसऱ्या संध्याकाळी आणखी. तिसऱ्या संध्याकाळी निरोप आला आणि मीच गोंधळलो. एका दिवसात सात किलो वाढले होते.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग दारात जाऊन त्या टेकडीच्या दिशेने बघत राहिल्या.

"सात किलो," त्या हळूच म्हणाल्या. "एक माशी केवढंसं आणते, भावजी? सुईच्या टोकाइतकं."

तिहोमिर कॉफी तशीच ठेवून त्यांच्यामागे दारात आले. मला तर आतून शिरशिरी आली. बुटांवरच्या सवलतीचा निरोप कुणीतरी बटण दाबून धाडलेला असतो. हा निरोप एका पूर्ण फुललेल्या टेकडीने धाडला होता.

पुढल्या वर्षी नेडाने आईलाही नवा फोन आणला. तो फार चौकस निघाला. ॲप घालायला गेले की विचारी, तुला दुसऱ्याचे निरोप कशाला वाचायचे आहेत? असे विचारणे बरोबरच आहे, मीही ते मानतो. पण त्याने नेडाच्या ॲपला आत घेतलेच नाही. "मग जुना राहू दे फ्रिजवर," नेडा म्हणाली. बाई नव्या फोनवर नातेवाइकांचे फोटो बघू लागल्या. माझ्याकडे कधी दोन दिवसांनी बघत, कधी चार. माझ्यावर धूळ बसली. तरी रोज संध्याकाळी निरोप येई आणि मी हाळी देई.

जूनमध्ये बाईंनी पेट्या सावा नदीच्या बांधाआतल्या कुरणात नेल्या. तिथे जांभळ्या तुऱ्यांची झुडपे फुलतात. गावातल्या इतरांच्याही पेट्या तिथेच होत्या. वर डोंगरात पाऊस झाला होता, पण आमच्याकडे ऊन पडले होते, आणि पाणी परवा चढेल असे सगळे म्हणत होते.

दुपारी अवेळीच निरोप आला. ॲपने तो उलगडला आणि घंटा वाजवायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात तिहोमिर एकटेच कॉफीची वाट बघत बसले होते.

"वहिनी," त्यांनी अंगणात हाक दिली, "तुमच्या फ्रिजवर गाय चढलीय."

बाई हात पुसत आल्या. पडद्याकडे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वजन उतरलंय."

"चोर!" तिहोमिर उठले. "पेटी उचलून नेली कुणीतरी. मी बंदूक आणतो."

तेवढ्यात माझ्याकडे आणखी एक निरोप आला. मग आणखी एक. दर वेळी वजन थोडे थोडे कमी.

"थांबा, भावजी. चोर उचलेल तर एकदम उचलेल. असा हळूहळू कोण उचलतो?" बाईंनी उतरत्या रेघेवर बोट फिरवले. मग म्हणाल्या, "पाणी आलं. पाणी उचलतंय पेटीला."

"पाणी परवा यायचं होतं."

"तसं पाण्याला कुणी सांगितलं नसेल."

बाईंनी नव्या फोनवरून सगळ्या पेटीवाल्यांना कळवले. काही जण लगेच निघाले. काही जण आकाशाकडे बघून हसले. मला बाईंनी एप्रनच्या खिशात टाकले. तिहोमिरनी ट्रॅक्टर काढला आणि ट्रेलरवर आपली होडी चढवली.

कुरणात आमच्या बाजूला कसलाही आवाज नव्हता. स्वच्छ ऊन, आणि गवतातून चमकत पसरत चाललेले पाणी. रानातून परतलेल्या माश्या पाण्यावर घिरट्या घालत होत्या. दोघांनी गुडघाभर पाण्यातून एकेक पेटी उचलून बांधावर आणली. तिहोमिरना मानेवर डंख बसले, पण त्यांनी पेटी खाली ठेवली नाही.

काट्यावरची पेटी सगळ्यात खालच्या खोलगट जागी होती. तिथे पाणी छातीपर्यंत आले होते.

"बाकीच्या वाचल्या, वहिनी," तिहोमिर धापा टाकत म्हणाले. "ती एक सोडा."

"जिनं हाक मारली तिलाच सोडू?"

होडी पाण्यात ढकलून तिहोमिरनी वल्ही हातात घेतली. तेव्हाच माझ्याकडे शेवटचा निरोप आला. वजन, शून्य. ॲपने ठिपका रेघेच्या अगदी तळाला ठेवला. त्यानंतर डबी बोलली नाही.

पेटी काट्यावरून सुटून तरंगत चालली होती. एका बाजूला कललेली, छतावर माश्यांचा काळा थर. एका विलोच्या झाडाच्या फांद्यांत ती अडकली आणि तिहोमिरनी होडी तिला भिडवली. दोघांनी मिळून ती आत ओढली. भिजलेल्या माश्या बाईंच्या बाहीवर, गळ्यावर, माझ्या खिशावर चढून बसल्या. एकही डसली नाही. कापडातून मला त्यांची थरथर जाणवत होती. इतके दिवस ज्यांचे निरोप मला येत होते, त्या मला पहिल्यांदाच भेटत होत्या.

"राणीमाशी आहे का आत?" तिहोमिरनी विचारले.

बाईंनी पेटीला कान लावला. राणी नसती तर माश्या कण्हल्या असत्या; आत एकसुरी गुणगुण होती. "आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

जे हसले होते, त्यांच्या निम्म्या पेट्या वाहून गेल्या. बाईंनी त्यांना शरदात आपल्या पेट्यांतली माश्यांनी भरलेली पोळी वाटून दिली.

नेडाने मला नवी बॅटरी घातली आणि डबीही बदलली. आता तिहोमिर कॉफीला येतात ते आधी फ्रिजपाशी थांबतात. "काय म्हणतात?" एवढेच विचारतात. सध्या बाहेर बर्फ आहे. पेट्यांवरही बर्फ आहे. रोज संध्याकाळी वजन केसभर उतरते, कारण आत त्या एकमेकींना बिलगून मध खात आहेत, राणीला ऊब देत आहेत. उतरणारी रेघ म्हणजे जिवंत असल्याची खूण, हे मला बाईंनी शिकवले.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादा जुना फोन असेल, तर तो फेकण्याआधी एवढे विचारा, अजून त्याच्याकडे कुणाचा निरोप येतो का. आणि निरोप आला, तर तो कितीही लहान असो, धाडणारा कितीही लहान असो, हसण्याआधी वाचा.